वेगाला आरामाचे वावडे नाही

स्पोर्ट्स कारबद्दलची एक समजूत इतकी रुळली आहे, की ती तपासून पाहावी असे सहसा कुणाला वाटत नाही. गाडी जितकी वेगवान, तितकी ती अंगाला जाचणार. स्प्रिंगा कडक, क्लच जड, आत उकाडा, मागचे काही दिसत नाही, आणि हे सारे निमूट सोसणे ही त्या वेगाची किंमत. गाड्या बनवणाऱ्यांनीही ही समजूत अनेक वर्षे सोयीने जपली, कारण कडक गाडी बनवणे सोपे असते आणि ग्राहकाला तो कडकपणाच वेगाचा पुरावा वाटतो. पण गाडीचे यंत्रशास्त्र पाहिले तर वेगळेच चित्र दिसते. सार्वजनिक रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत चालकाला होणारा बहुतेक त्रास वेगासाठी गरजेचा नसतो. ज्या कारणांनी पाठ हादरते, त्यांतल्या बऱ्याच कारणांनी टायरची रस्त्यावरची पकडही सुटते. वेग आणि आराम यांच्यात खरा झगडा आहे, नाही असे नाही. मात्र त्याचे क्षेत्र फार लहान आहे. ते कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे नीट कळले, की वेगवान गाडी सुखद कशी करता येईल याचे उत्तरही सापडू लागते.

आधी त्रास म्हणजे काय ते पाहू. बसलेल्या माणसाचे शरीर सगळे हादरे सारख्याच तीव्रतेने अनुभवत नाही. उभ्या दिशेची कंपने सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होत असतील, तर ती सर्वाधिक बोचतात. धड आणि पोटातले अवयव याच पट्ट्यात जास्त हलतात, आणि कंपनांचा माणसावरील परिणाम मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकातही या पट्ट्याला सर्वाधिक वजन दिलेले आहे. सेकंदाला अर्ध्या फेरीपेक्षाही संथ असे झोके बोट लागल्यासारखी मळमळ आणतात. या दोहोंच्या मधला, सेकंदाला एक ते दोन फेऱ्यांचा पट्टा आपल्याला फारसा खुपत नाही, कारण चालण्याची लय त्याच्या जवळपास असते. आता गाडीकडे वळू. चाकांच्या वरचा सगळा भार स्प्रिंगांवर टेकलेला असतो आणि तो एका ठरावीक लयीत वरखाली होतो. घरगुती गाडीत ही लय सेकंदाला सुमारे १ ते १.५ फेऱ्या असते, स्पोर्ट्स कारमध्ये १.५ ते २ किंवा थोडी अधिक, तर हवेच्या दाबाने जमिनीला चिकटून धावणाऱ्या शर्यतीच्या गाडीत ती ३ ते ५ फेऱ्यांच्याही वर जाते. म्हणजे रस्त्यावरची चांगली स्पोर्ट्स कार तिच्या मूळ लयीमुळे त्रासाच्या पट्ट्यात शिरतच नाही. तिथे तिला नेतात त्या दुसऱ्या गोष्टी: जड चाके, पातळ टायर, गरजेपेक्षा घट्ट शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि हलायला जागाच न ठेवलेले सस्पेन्शन. स्प्रिंगेला दोष देणे सोपे असते. प्रत्यक्षात ती बऱ्याचदा निर्दोष असते.

पकडीचा हिशेबही याच दिशेला जातो. गाडी वळते, थांबते किंवा सुटते ती टायरच्या तळहाताएवढ्या चार ठशांच्या जोरावर. टायरवरचा भार वाढला की त्याची पकड वाढते, पण भाराच्या प्रमाणात वाढत नाही. भार दुप्पट केला तर पकड दुपटीपेक्षा कमीच भरते. म्हणून खडबडीत रस्त्यावर चाकाखालचा भार सतत कमीजास्त होत असेल, तर भार वाढलेल्या क्षणी मिळणारा फायदा भार घटलेल्या क्षणी होणारे नुकसान भरून काढत नाही आणि सरासरी पकड घसरते. चाक क्षणभर हवेत गेले तर त्या क्षणी पकड शून्य. चाक, टायर, ब्रेक यांचा संच रस्ता आणि स्प्रिंग यांच्यामध्ये सेकंदाला साधारण १० ते १५ वेळा नाचू शकतो, आणि हे नाचणे जितके अनावर, तितका रस्ता सुटत जातो. उंचवट्यावरून गाडी टणकन उडते तेव्हा चालकाच्या कण्याला जो दणका बसतो आणि टायर जी पकड गमावतो, त्या दोन्ही गोष्टी एकाच घटनेच्या बाजू आहेत. तुटक्या रस्त्यावर जी गाडी शांतपणे पुढे सरकते, ती बहुधा वेगवानही असते. इंग्लंडमधल्या अरुंद, वळणावळणांच्या गावरस्त्यांवर वाढलेल्या लोटस कंपनीने हे फार लवकर ओळखले. कंपनीचे संस्थापक कॉलिन चॅपमन यांच्या १९६२च्या एलान या छोट्या गाडीच्या स्प्रिंगा मऊ होत्या, चाकांना वरखाली जायला भरपूर वाव होता, आणि तरीही ती वळणांवर तिच्यापेक्षा कितीतरी ताकदवान गाड्यांना मागे टाकत असे.

मग शर्यतीच्या गाड्या कडक का असतात, हा आक्षेप रास्त आहे आणि खरा झगडाही तिथेच आहे. वेग वाढला की शर्यतीच्या गाडीचे पंख आणि तिचा तळ हवेच्या मदतीने गाडी खाली दाबतात. हा दाब गाडीच्या वजनापेक्षाही जास्त होऊ शकतो, आणि तळ जमिनीपासून किती उंचीवर आहे यावर तो फार अवलंबून असतो. मऊ स्प्रिंगा एवढ्या दाबाखाली बसतील आणि ब्रेक मारताच नाक झुकून हवेचा सगळा तोल बिघडेल. म्हणून स्प्रिंगा कडक ठेवाव्या लागतात. पण हा कडकपणा हवेच्या गणिताचा आहे, पकडीचा नाही, हे चॅपमन यांना ठाऊक होते. १९८१ साली लोटस ८८ या फॉर्म्युला वन गाडीत त्यांनी चक्क दोन चासी एकात एक बसवल्या: बाहेरची, हवेचा दाब झेलून तो कडक स्प्रिंगांमधून थेट चाकांपर्यंत पोहोचवणारी, आणि आतली, इंजिन व चालक यांना वाहणारी, मऊ स्प्रिंगांवरची. प्रतिस्पर्ध्यांनी तक्रारी केल्या आणि गाडीवर बंदी आली, पण दोन कामे वेगळी केली की दोन्ही नीट होतात हा विचार टिकला. पुढे संगणक आणि हायड्रॉलिक्सच्या बळावर चाकांची हालचाल स्वतःहून सांभाळणारे सस्पेन्शन आले. १९८७ मध्ये आयर्टन सेना यांनी तशा लोटसमधून मोनॅको आणि डेट्रॉइटच्या शर्यती जिंकल्या, १९९२ मध्ये नायजेल मॅन्सेल विल्यम्सच्या तशाच गाडीतून विश्वविजेते झाले, आणि १९९४च्या मोसमापासून हे तंत्रही बंद करण्यात आले. २०२२ मध्ये तळाखालच्या हवेवर भिस्त ठेवणाऱ्या नव्या गाड्या सरळ रस्त्यावर उसळ्या मारू लागल्या. बाकूच्या शर्यतीनंतर लुइस हॅमिल्टन पाठीला हात लावत कसेबसे गाडीबाहेर आले आणि उभ्या उसळ्यांवर मर्यादा घालणारा नियम नियामक संस्थेला त्याच मोसमात आणावा लागला. म्हणजे शर्यतीतसुद्धा कडकपणा हे मिरवण्याचे लक्षण नाही, नाइलाजाने भरलेला दंड आहे. रोजच्या रस्त्यावर हवेचा एवढा दाब नसतोच. मग तो दंड आपण कशासाठी भरायचा?

हा प्रश्न गांभीर्याने विचारणारी गाडी होंडाने १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात दाखवली आणि १९९० पासून विकली: एनएसएक्स. चालकामागे बसवलेले ३ लिटरचे व्ही-६ इंजिन, सुमारे २७० अश्वशक्ती, फेरारीशी थेट स्पर्धा. आणि तरीही रोज ऑफिसला नेता येईल अशी गाडी, हे उद्दिष्ट. त्यासाठी पहिला भर दिला गेला तो गाडीच्या सांगाड्यावर. सगळा सांगाडा अ‍ॅल्युमिनियमचा करणारी ही मोठ्या संख्येने बनलेली पहिली गाडी. तिचे नुसते धड सुमारे २१० किलोंचे, म्हणजे तशाच पोलादी धडापेक्षा सुमारे १४० किलोंनी हलके, असा होंडाचा हिशेब होता. विकास चालू असताना सेना यांनी सुझुकाच्या ट्रॅकवर ती चालवली आणि धड पुरेसे ताठ वाटत नाही असे सांगितले. त्यानंतर होंडाच्या अभियंत्यांनी जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगवर मुक्काम ठोकून सांगाड्याचा ताठपणा सुमारे ५० टक्क्यांनी वाढवला. आरामाच्या लेखात धडाच्या ताठपणाला एवढे महत्त्व का, तर पिळवटणारे धड ही स्वतःच एक स्प्रिंग असते आणि तिच्यावर कोणताही शॉक अ‍ॅब्सॉर्बर नसतो. डुगडुगणाऱ्या टेबलावर कितीही चांगला तराजू ठेवा, माप चुकणारच. धड ताठ असले म्हणजे चाकांची प्रत्येक हालचाल ठरवून दिलेल्या जागी, स्प्रिंग आणि डॅम्परमध्येच (म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्येच) होते; मग त्या स्प्रिंगा मऊ ठेवण्याची हिंमत करता येते. सुखद स्पोर्ट्स कारचे पहिले सूत्र हेच: जे घट्ट असायला हवे ते पूर्ण घट्ट, म्हणजे जे सैल असायला हवे ते निर्धास्त सैल ठेवता येते.

एनएसएक्समधली दुसरी गोष्ट बाहेरून दिसत नाही, पण ती अधिक सुंदर आहे. रस्त्याची भेग किंवा खड्ड्याची कड चाकाला फक्त वर ढकलत नाही. ती त्याला मागेही ढकलते, आणि पातळ टायरच्या गाडीत हा मागचा धक्का उभ्या धक्क्याइतकाच बोचतो. चाकाला थोडे मागे सरकू दिले तर धक्का विरघळतो, पण त्यासाठी सस्पेन्शनच्या सांध्यांत मऊ रबरी बुश घातले, की वळणावर चाकाची दिशाच बदलते आणि स्टिअरिंग गुळमुळीत होते. होंडाने पुढच्या चाकाला धरणारे सस्पेन्शनचे वरचे आणि खालचे हात एका छोट्या फिरत्या दुव्याने जोडले. धक्का बसला की सगळी जुळणी एकत्र मागे सरकते, मात्र चाकाची दिशा बदलत नाही. मॅकलारेनच्या एफ१ या गाडीचे शिल्पकार गॉर्डन मरे एनएसएक्स चालवून इतके प्रभावित झाले, की चालण्यातली सहजता आणि वळणावरचा तोल यांबाबत त्यांनी तिलाच आपला मापदंड मानले. पुढे कित्येक वर्षे त्यांनी स्वतः ती वापरलीही. एफ१मध्ये त्यांनी हाच प्रश्न वेगळ्या भूमितीने सोडवला. पुढचे सस्पेन्शन ज्या चौकटीवर बसते, ती चौकट अशा बुशांवर टेकवली की ती एका दिशेला सहज सरकते आणि दुसऱ्या दिशेला पंचवीसपट ताठ राहते. १९९२ मध्ये जगासमोर आलेल्या या गाडीत वातानुकूलन होते, संगीताची सोय होती, सामानाला जागा होती आणि चालकाची बैठक मधोमध. १९९८ मध्ये तिने ताशी सुमारे ३८६ किलोमीटरचा वेग नोंदवला. त्या काळातली सर्वांत वेगवान गाडी ज्याने बनवली, त्याने चालकाला जाचणे हा वेगाचा मार्ग मानला नव्हता, ही बाब कडकपणाच्या भक्तांनी विचारात घ्यायला हवी.

यावर कुणी म्हणेल की मॅकलारेनसारख्या गाडीत पैशाने काहीही साधते. तेव्हा तुलनेने स्वस्त उदाहरण घेऊ. २०१७ मध्ये फ्रान्सच्या अल्पीनने ए११० हे आपले जुने नाव नव्या गाडीला दिले. इंजिन केवळ १.८ लिटरचे, सुमारे २५० अश्वशक्तीचे. पण गाडीचे वजन १,१०० किलोंच्या आसपास, आणि एकेक आसन १३.१ किलोंचे. डॅम्पर साधे, त्यांत कुठलेही इलेक्ट्रॉनिक नियंत्रण नाही. वजन कमी असल्याने त्याला आवरायला कडक स्प्रिंगा लागत नाहीत, वळणावर गाडीला कलण्यापासून रोखणारे अँटी-रोल बार बारीक ठेवता येतात, ब्रेक आणि चाके लहान चालतात, आणि चाके हलकी झाली की ती रस्ता अधिक नीट पकडून ठेवतात. एका किलोतून दुसरा किलो वाचत जातो. मऊ स्प्रिंगांचा एक धोका असतो: मोठ्या खड्ड्यात सस्पेन्शन पूर्ण दबून शेवटच्या रबरावर आपटते आणि त्या रबराच्या उलट्या रेट्याने चाक उसळते. अल्पीनने तिथे तेल भरलेले हायड्रॉलिक थांबे बसवले. ते शेवटच्या टप्प्यातली ऊर्जा परत न फेकता गिळून टाकतात, म्हणून उरलेल्या सगळ्या प्रवासात स्प्रिंग मऊ ठेवता येते. या गाडीच्या चालण्याचे कौतुक करणाऱ्यांत मरेही होते आणि त्यांनी ती विकत घेतली. त्यांची स्वतःची नंतरची टी.५० ही व्ही-१२ इंजिनाची गाडी एक टनाहूनही हलकी आहे. हलकेपणा हा आरामाचा सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत प्रामाणिक मार्ग आहे.

पण सगळ्या गाड्या हलक्या करता येत नाहीत, आणि इथे झगड्याचा दुसरा खरा तुकडा येतो. स्प्रिंगेची उसळी आवरण्याचे काम डॅम्परचे. अंगाला सुखद वाटायला डॅम्पर जरा सैल हवा, चाकाचे नाचणे थांबवायला जरा घट्ट. या दोन मापांत अंतर आहे आणि साध्या डॅम्परला मधले कुठले तरी एक माप स्वीकारावे लागते. १९७४ मध्ये डीन कार्नोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक कल्पना मांडली: डॅम्परचे एक टोक गाडीला आणि दुसरे आभाळाला बांधता आले असते, तर चाके खाली हवी तशी नाचली असती आणि गाडीचे धड मात्र स्थिर राहिले असते. आभाळाला खुंटी नाही. पण डॅम्परची घट्टाई क्षणाक्षणाला बदलता आली तर तसा परिणाम बराचसा साधतो. यासाठी वापरलेला एक उपाय जुन्याच शोधावर उभा आहे. जेकब रॅबिनो यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत १९४०च्या दशकात दाखवले होते, की लोखंडाचे सूक्ष्म कण मिसळलेले तेल चुंबकीय क्षेत्रात आल्यावर झटक्यात घट्ट होते. असे तेल भरलेले डॅम्पर २००२ मध्ये कॅडिलॅकमध्ये आणि लगेच पुढे कॉर्व्हेटमध्ये आले. नंतर ऑडी आर८ आणि फेरारी ५९९ने ते घेतले. काही हजारांश सेकंदांत त्यांची घट्टाई बदलते. २०११च्या मॅकलारेन १२सीने वेगळी वाट धरली. अँटी-रोल बार डाव्या-उजव्या चाकांना बांधून ठेवतो, त्यामुळे एका बाजूचा खड्डा दुसऱ्या बाजूलाही जाणवतो आणि गाडी डुलते. १२सीने तो बारच काढून टाकला आणि चारही डॅम्पर तेलाच्या नळ्यांनी जोडले: वळणावर दाब वाढून गाडी कलण्याला विरोध होतो, सरळ रस्त्यावर प्रत्येक चाक मोकळे. २०२२ च्या फेरारी पुरोसांग्वेमध्ये तर ४८ व्होल्टच्या विद्युत मोटरी प्रत्येक डॅम्परला गरजेप्रमाणे ढकलतात आणि ओढतात. कलणे रोखण्याचे काम आणि खड्डा पचवण्याचे काम वेगळे करणे, हा लोटस ८८चा विचारच या गाड्यांनी कायदेशीर मार्गाने पुढे नेला आहे. एक मर्यादा मात्र सांगायला हवी. ही यंत्रणा चांगल्या सांगाड्याला अधिक चांगली करते. पिळवटणाऱ्या धडाची, अवजड चाकांची किंवा तोकड्या सस्पेन्शनची भरपाई ती करू शकत नाही.

आराम केवळ सस्पेन्शनपुरता नाही, आणि उरलेल्या गोष्टींत तर वेगाशी झगडाही सापडत नाही. १९७४ मध्ये विक्रीला आलेल्या लॅम्बोर्गिनी काउंटाशमध्ये मागचे इतके कमी दिसे, की रिव्हर्स घेताना दार वर उघडून उंबऱ्यावर बसून मागे पाहण्याची पद्धत पडली. त्या आंधळेपणाने गाडी ताशी एक किलोमीटरनेही वेगवान झाली नव्हती. होंडाने एनएसएक्सच्या आतल्या रचनेसाठी एफ-१६ या लढाऊ विमानाच्या काचेच्या छत्रीचा आदर्श घेतला, कारण चौफेर स्पष्ट दिसणे ही वैमानिकाची चैन नसते, गरज असते. गिअरबॉक्सची गोष्टही तशीच. १९९७ मध्ये फेरारी ३५५मध्ये स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलण्याची सोय आली, पण क्लच एकच असल्याने गर्दीत गाडी गचके देई. दोन क्लचांचा गिअरबॉक्स २००३ मध्ये फोक्सवॅगनच्या गोल्फमधून बाजारात आला आणि २००८ मध्ये फेरारीने कॅलिफोर्नियात तो वापरला. त्यात पुढचा गिअर आधीच लावून ठेवलेला असतो, एक क्लच सुटता सुटता दुसरा पकडतो. त्यामुळे गिअर अधिक लवकर पडतो आणि अधिक गुळगुळीतही. वेग आणि सुख एकाच बदलाने वाढल्याचे याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण. आसनाचेही तेच आहे. मांड्यांना, कमरेला आणि खांद्यांना नीट आधार देणारे आसन वळणावर शरीर धरून ठेवते, म्हणजे चालकाला स्टिअरिंगला लटकावे लागत नाही आणि हात हलके राहतात. पाठीमागच्या इंजिनाची धग अडवणे, एकसुरी घुमणारा एक्झॉस्ट महामार्गावर झडपेने शांत करणे, पेडल पायाच्या नैसर्गिक रेषेत ठेवणे, यांतले काहीही गाडीला मंद करत नाही. थकलेला चालक मात्र नक्की मंद होतो. त्याचा ब्रेक उशिरा लागतो आणि अंदाज चुकतो.

भारतात या चर्चेला एक खास संदर्भ आहे, तो गतिरोधकाचा. आपल्याकडे स्पोर्ट्स कार अशक्य, कारण ती स्पीडब्रेकरवर टेकते, असे सर्रास म्हटले जाते. हिशेब करून पाहू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार उंचवटा १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर सुमारे २.४५ ते २.६ मीटर असलेली स्पोर्ट्स कार या कमानीवर आली, तर तिची पुढची-मागची चाके दोन्ही कमानीवरच असतात आणि पोटाखाली कमान चाकांच्या रेषेच्या वर फक्त ४५ ते ५० मिलिमीटर येते. गाडीचे नाक पुढच्या चाकाच्या एक मीटर पुढे असेल, तर चाक कमानीच्या पायथ्याशी पोहोचताना नाकाखालचा उंचवटा साधारण ८ सेंटिमीटर असतो. ११ सेंटिमीटर मोकळी जागा असलेली गाडी हळू चालवत नेली तर मानक गतिरोधक ओलांडू शकते. ऐन चढावर ब्रेक दाबून नाक झुकवू नये एवढीच काळजी घ्यावी लागते. गाडी टेकते ती रातोरात ओतलेल्या अरुंद, उभट, मापाबाहेरच्या ढिगाऱ्यांवर, जिथे सगळी उंची पोटाखाली एका जागी उभी ठाकते. अशा जागांसाठी नाक उचलणारी यंत्रणा उपयोगी ठरते. सध्याच्या पोर्शे ९११मध्ये ती पुढचा भाग सुमारे ४० मिलिमीटर वर घेते, आणि एकदा ठिकाण नोंदवून ठेवले की त्या जागी पोहोचताच आपोआप काम करते. मुंबई-पुण्यातल्या मालकाला ही सोय कोणत्याही जादा अश्वशक्तीपेक्षा मोलाची वाटावी. कंपन्यांनाही हे उमगू लागले आहे: पोर्शेची ९११ डकार साध्या स्पोर्ट सस्पेन्शनच्या ९११पेक्षा ५० मिलिमीटर उंच आहे, लॅम्बोर्गिनीची उराकान स्तेराटो तिच्या मूळ गाडीपेक्षा ४४ मिलिमीटर. उंच आणि मऊ केल्यावरही या गाड्या स्पोर्ट्स कारच राहिल्या.

ज्याच्याकडे अशी गाडी आहे, किंवा साधीच गाडी ज्याला अधिक खेळकर करायची आहे, त्याने यातून काय घ्यावे? सर्वांत आधी, शोभेसाठी मोठे रिम लावू नयेत. टायरचा बाहेरचा व्यास तोच ठेवून रिम एक इंच लहान केला, तर टायरची भिंत जवळजवळ १३ मिलिमीटरने उंच होते आणि चाकाचे वजनही बहुधा घटते. ब्रेक आत मावत असतील आणि निर्मात्याने ते माप मान्य केले असेल, तर आरामासाठी याहून सोपा बदल नाही. पंक्चरनंतरही चालणाऱ्या रन-फ्लॅट टायरच्या भिंती मुद्दाम जाड केलेल्या असतात. त्यांच्या जागी साधे टायर घातल्यास गाडी लगेच निवळते, फक्त स्टेपनीचा किंवा दुरुस्तीच्या साहित्याचा विचार करावा लागतो. हवा निर्मात्याने सांगितली तेवढीच ठेवावी. जुन्या गाडीत डॅम्पर आणि बुश झिजलेले असतील तर नवे बसवावेत. गाडी कडक वाटते म्हणून तक्रार करणारे अनेक जण प्रत्यक्षात मेलेल्या डॅम्परवर बसलेले असतात. आणि स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवण्याची हौस टाळावी. सस्पेन्शनला दबायला जागाच उरली नाही की प्रत्येक खड्ड्यात ते शेवटच्या रबरावर आपटते. त्या क्षणी गाडीला स्प्रिंग नावाचा भाग उरतच नाही. पाठही दुखते आणि वळणावर चाकही उसळते. दिसण्यासाठी कमावलेला हा कडकपणा आराम घालवतो आणि वेगही.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र आकड्यांचा नाही. तो असा, की स्पोर्ट्स कारचा आनंदच तिच्या खडबडीत, थेट स्वभावात आहे. ती निवळली की ती वेगवान सेडान होते, मग सेडानच का घेऊ नये? या आक्षेपात तथ्य आहे. एनएसएक्सवरही ती अति शहाणी असल्याची टीका झाली, आणि १९९२ मध्ये खुद्द होंडाने तिची सुमारे १२० किलोंनी हलकी व अधिक कडक अशी एनएसएक्स-आर ही आवृत्ती काढली. पण आनंद कशाने मिळतो आणि त्रास कशाने होतो, याची नीट फोड केली तर दोन्ही एकाच जागेतून येत नाहीत. टायर पकड सोडण्याच्या बेतात आहे हे स्टिअरिंगच्या हळूहळू हलके होण्यातून कळणे, वळणावर गाडी किती कलली यावरून वेगाचा अंदाज येणे, ब्रेकच्या पेडलमधून रस्त्याचा पोत जाणवणे, ही चालकाला लागणारी माहिती आहे. खड्ड्याच्या कडेचा दणका, डॅशबोर्डची खडखड, कानात घुमणारा एकसुरी आवाज यांत चालकाच्या उपयोगाचे काहीच नसते. उलट त्या गोंगाटात खरी माहिती बुडून जाते. चांगला अभियंता गोंगाट गाळतो आणि माहिती शिल्लक ठेवतो. वाईट रीतीने निवळलेली गाडी माहितीही गाळते: स्टिअरिंग बधिर होते, पेडल गुळगुळीत होतात, आणि मग आक्षेप घेणाऱ्याचे म्हणणे खरे ठरते. म्हणजे दोष आराम मागण्यात नाही, तो कसा दिला यात आहे. अल्पीन वळणावर सेडानइतकीच, किंबहुना अधिकच, स्पष्ट कलते. त्या कलण्यामुळेच तिची हद्द चालकाला आधी कळते. मऊपणाने इथे संवाद वाढवला आहे.

म्हणून वेगवान गाडीची परीक्षा शोरूमबाहेरच्या दहा मिनिटांत करू नये. तेवढ्या वेळात कडकपणा रोमांचक वाटतोच, कारण नवखेपणा आणि हादरा यांत फरक करायला शरीराला वेळ मिळत नाही. तिला दोन तास चालवावे, त्यात तुटका रस्ता असावा, गर्दी असावी, वळणांचा घाट असावा आणि परतीच्या वेळी अंधार असावा. दुसऱ्या तासाच्या शेवटी चालकाला पुढच्या वळणाचा विचार सुचतो की पाठीचा, यावर त्या गाडीचे खरे मोल ठरते. ज्या गाडीत पाठच आठवते, तिच्या अभियंत्यांनी वेगाची किंमत चालकाकडून वसूल केली आहे. आणि सार्वजनिक रस्त्यावर तरी ती वसूल करण्याचे कारण बहुतेक वेळा त्यांच्याकडे नसते.